सहा लाखांची गाडी नक्की कितीला पडते?

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे गाळलेत, सगळे नाही.)

गेले काही महिने इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, पहिली गाडी घ्यायचीय, बजेट सहा-सात लाख, कोणती घेऊ?" काही जण त्यात थेट दोन नावं टाकतात. टियागो का वॅगन आर? पंच का एक्स्टर? निओस चालेल का? आणि मी काय उत्तर देणार याची वाट बघतात.

मी गाडीचं नाव सांगणार नाहीये. नाराज होऊ नका. नाव सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, कॅमेरा हातात घेऊन बोनेट उघडणारे, बूटमध्ये बॅगा रचणारे. मला आज वेगळी गोष्ट बोलायचीय. गाडी आपण एक दिवस विकत घेतो आणि पुढची सात-आठ वर्षं सांभाळतो. त्या सात-आठ वर्षांचा हिशोब कुणी मांडून दाखवत नाही. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे शीट उघडल्याशिवाय मला झोप येत नाही. तर आज शीट उघडूया.

आधी एक छोटी गंमत. आपल्याकडे 'छोटी गाडी' म्हणजे काय, हे मुळात कर खात्याने ठरवलंय. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि व्याख्या आली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. बस्स. तेव्हापासून कंपन्या फूटपट्टी घेऊनच गाड्या बनवायला लागल्या. डिझायर २०१२ मध्ये अचानक मागून कापल्यासारखी दिसायला लागली, आठवतंय? पहिली डिझायर चार मीटरपेक्षा लांब होती, दुसरी ३९९५ मिलिमीटरची आली. पाच मिलिमीटर सोडून. जीएसटी आला तेव्हाही ही रेघ तशीच राहिली. या गाड्यांवर पेट्रोलमध्ये २८ टक्के आणि वर १ टक्का सेस होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ १८ टक्के झाला. म्हणून तेव्हा शोरूमबाहेर रांगा दिसल्या. किमती खरंच उतरल्या, यात शंका नाही. पण उतरली ती एक्स-शोरूम किंमत. आपण भरतो ती वेगळीच असते.

चला, आकडे. समजा एक्स-शोरूम सहा लाख. पेट्रोल गाडी, वैयक्तिक नावावर, महाराष्ट्रात. आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के. झाले ६६ हजार. इन्शुरन्स: नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, २०१८ पासून. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तीन वर्षांचा तो हप्ता १००० सीसीपर्यंत ६५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला १०,६४०. त्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, त्यावर झिरो डेप, त्यावर जीएसटी. सगळं धरून साधारण ३० हजार. नोंदणी फी ६००, कर्ज असेल तर बँकेचं नाव चढवायचे १५००, नंबर प्लेट, फास्टॅग, किरकोळ. सात लाखांच्या आसपास येतं.

इथपर्यंत ठीक आहे, हे पैसे सरकारला आणि विमा कंपनीला जातात. पण कोटेशनच्या कागदाच्या खालच्या भागात बघा. 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'एसेन्शियल किट', 'कोटिंग'. एका शोरूममध्ये मला 'डॉक्युमेंटेशन' नावाखाली साडेआठ हजार दाखवले होते. मी विचारलं, हे कशाचे? सेल्समन म्हणाला, "सर, हे सगळ्यांनाच असतात." हे उत्तर नव्हे. हँडलिंग नावाचा कुठलाही सरकारी कर नाही. शांतपणे सांगायचं, ही ओळ काढा. बहुतेक वेळा निघते. तसंच विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून ऑनलाइन दोन कोटेशनं काढा आणि त्यांच्यासमोर ठेवा, पाच-सात हजार आपोआप कमी होतात. आवाज चढवायची गरज नाही, फोनची स्क्रीन पुढे सरकवायची फक्त.

आता कर्ज. दोन लाख हातचे, पाच लाख बँकेचे. ९ टक्के व्याज धरू. पाच वर्षांसाठी हप्ता १०,३७९. सात वर्षांसाठी ८०४५. सेल्समन नेहमी दुसरा आकडा सांगतो, कारण तो 'आठ हजारात गाडी' असा म्हणता येतो. पाच वर्षांत व्याज जातं सुमारे १ लाख २३ हजार. सात वर्षांत १ लाख ७६ हजार. म्हणजे त्या दोन हजार तीनशेच्या सवलतीची किंमत त्रेपन्न हजार. मी पाच वर्षांच्या पुढे जाऊच नये या मताचा आहे. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल, तर खालची व्हेरियंट बघा. सनरूफशिवायही गाडी चालते, मी पाहिलंय.

आता ज्यासाठी हा भाग केला ते. सात वर्षं गाडी वापरली आणि मग विकली असं धरू. हे माझे अंदाज आहेत, तुमचे आकडे तुमच्या शीटमध्ये टाका. सात लाखांची गाडी सात वर्षांनी अडीच लाखांना गेली. घसारा साडेचार लाख, वर्षाला ६४ हजार. हा खर्च खिशातून दरमहा जात नाही, म्हणून कुणी मोजत नाही, पण सगळ्यात मोठा हाच आहे. व्याज सात वर्षांत वाटलं तर वर्षाला साडेसतरा हजार. विमा सरासरी १५ हजार. सर्व्हिसिंग ८ हजार. टायर आणि बॅटरी कधीतरी एकदम बदलावे लागतात, त्याचे वर्षाला ५ हजार बाजूला. रोज गाडी पुसणाऱ्या दादांचे महिन्याचे पैसे, टोल, पार्किंग मिळून १२ हजार. आणि पेट्रोल. वर्षाला ८००० किलोमीटर, गावात-हायवेवर मिळून लिटरला १८, पेट्रोल १०५ रुपये. ४६ हजार ७०० रुपये.

बेरीज: १ लाख ६८ हजार वर्षाला. भागिले आठ हजार. किलोमीटरला २१ रुपये.

आपण काय म्हणत असतो? "माझी गाडी सहा रुपयात पडते." सहा रुपयात पेट्रोल पडतं, भाऊ. गाडी एकवीसला पडते.

आता हीच शीट वर्षाला १५ हजार किलोमीटरसाठी चालवली तर? पेट्रोल दुप्पट होतं, टायर-सर्व्हिस थोडं वाढतं, पण घसारा आणि विमा फारसे हलत नाहीत. किलोमीटरला साडेचौदा रुपये. आणि फक्त ४००० किलोमीटर? पस्तीस. तीच गाडी, तोच रंग. म्हणजे मायलेजवरून आपण रात्र-रात्र भांडतो, अठरा का वीस, आणि खरा फरक पडतो गाडी किती वेळ सोसायटीत उभी राहते याने. कव्हर घालून ठेवलेली गाडी ही जगातली सगळ्यात कमी मायलेज देणारी गाडी आहे.

मग काय, गाडी घ्यायचीच नाही? कॅब करायची? पुष्कळ जण इथे येऊन थांबतात. "आकडेवारीने सिद्ध झालं, गाडी मूर्खपणा आहे." मीही एकेकाळी असे लेख आवडीने वाचायचो. पण शीटमध्ये काही रकाने नसतातच.

माझ्या टीममध्ये एक जण आहे. चिंचवडला आईवडिलांबरोबर राहतो. काकांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, सकाळी सहाची पाळी. दवाखाना अकरा किलोमीटरवर. पहिलं वर्ष कॅब आणि रिक्षावर काढलं. पहाटे सव्वापाचला कॅब बुक करायची, ड्रायव्हर फोन करून विचारणार, "कुठं जायचंय, कॅश का ऑनलाइन?" आणि रद्द. दुसरी. रद्द. काका बिल्डिंगच्या खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. पाळी चुकली की मशीन दुसऱ्याला मिळतं, आणि मग ते दिवसभर लटकतं. परत येतानाची गोष्ट अजून वेगळी. डायलिसिसनंतर पुष्कळांचं ब्लड प्रेशर उतरतं, अंगात त्राण राहत नाही. त्या अवस्थेत रिक्षातून स्पीडब्रेकर.

तो माझ्याकडे आला तेव्हा आम्ही दोघांनी हीच शीट भरली. दवाखान्याचे वर्षाला तेवीसशे किलोमीटर, बार्शीला गावाकडे तीन-चार फेऱ्या, असे साधारण चार हजार. नवीन गाडी पस्तीस रुपयांना पडत होती. तो शीटकडे बघून गप्प बसला. मग म्हणाला, "पण सव्वापाचला ती खाली उभी असेल ना?"

हा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता. मी तो टाकला, आकडा मात्र टाकता आला नाही.

पण म्हणून शीट फेकून द्यायची नसते. उलट तिच्यामुळेच त्याने नवीन गाडीचा विचार सोडला. कमी चालणार असेल तर घसारा कमी असलेली गाडी घ्यावी, म्हणजे जुनी. चार वर्षांची, अडतीस हजार किलोमीटर चाललेली वॅगन आर, चार लाख चाळीस हजारांना. पहिल्या चार वर्षांचा मोठा घसारा आधीच्या मालकाने सोसलेला. किलोमीटरला पंचवीसच्या आसपास आली. कॅबच्याच भावात, आणि रद्द होत नाही.

वॅगन आरच का, हे सांगतो, कारण गाडी निवडायची याहून चांगली पद्धत मी पाहिलेली नाही. तो प्रत्येक ठिकाणी काकांना घेऊन गेला. एका शोरूममध्ये सेल्समन टचस्क्रीनबद्दल बोलत होता, आणि काकांनी मध्येच विचारलं, "दार किती उघडतं?" सेल्समनला कळेना. काकांनी स्वतः दार पूर्ण उघडून बघितलं, बसून बघितलं. एका बसक्या गाडीत त्यांना छताला धरून खाली घसरावं लागलं, बाहेर काढायला दोघं लागले. वॅगन आरमध्ये सीट कमरेच्या उंचीला येते. पाठ करून टेकायचं आणि पाय आत घ्यायचे, झालं. पुढची सीट मागे पाडली की परतताना झोपता येतं. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. तुम्ही टेस्ट ड्राइव्हला मित्राला घेऊन जाता. मित्र कशाला? गाडीत मागे जी माणसं बसणार आहेत त्यांना न्या. आजीला न्या. बाळाची सीट असेल तर ती बसवून बघा. आणि जमलं तर तेच मॉडेल शनिवार-रविवारी भाड्याने घ्या, सेल्फ ड्राइव्ह. वीस मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये सगळ्याच गाड्या छान असतात.

याच गोष्टीत सीएनजीचा मुद्दा सुटला, तो सांगतो, कारण त्यावरही खूप मेसेज येतात. सीएनजी व्हेरियंट साधारण नव्वद हजारांनी महाग असते. पण महाराष्ट्रात सीएनजीला रोड टॅक्स कमी आहे, दहा लाखांपर्यंत ७ टक्के होता, २०२५ मध्ये ८ झाला. सहा लाखांवर ११ टक्के म्हणजे ६६ हजार, सहा लाख नव्वदवर ८ टक्के म्हणजे ५५ हजार. अकरा हजार तिथेच वाचले. उरला फरक ऐंशी हजारांचा. पेट्रोल किलोमीटरला ५.८०, सीएनजी किलोला ९२ धरून, २६ च्या मायलेजला, साडेतीन. वाचतात दोन रुपये तीस पैसे. ऐंशी हजार भागिले ते, पस्तीस हजार किलोमीटर. वर्षाला पंधरा हजार चालवणाऱ्याचे पैसे अडीच वर्षांत वसूल. माझ्या मित्राचे जवळजवळ नऊ वर्षांत. शिवाय सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, पंपावरची रांग, आणि डिकी जवळजवळ संपते. काकांची घडीची व्हीलचेअर डिकीत जाते, त्यामुळे विषयच मिटला. टाटांनी दोन छोटे सिलिंडर खाली बसवून डिकी बरीच वाचवलीय, हे मान्य करायला हवं. इतरांनीही करावं.

आता जिथे पैसे वाचवू नयेत ते. सेफ्टी.

ग्लोबल एनकॅपने २०१४ मध्ये आपल्या छोट्या गाड्या आपटून बघितल्या, ऑल्टो ८०० ला शून्य स्टार मिळाले, आणि तेव्हा पहिल्यांदा आपल्याला कळलं की पत्रा म्हणजे नेमकं काय. तेव्हापासून बरंच बदललं. २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले, मग शेजारच्या सीटची एअरबॅग. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. टियागोला २०२० मध्ये चार स्टार, पंचला २०२१ मध्ये पाच. आणि २०२४ च्या नव्या डिझायरलाही पाच, मारुतीची पहिलीच. मारुतीने २०२५ मध्ये ऑल्टो के-१० आणि वॅगन आरलाही सहा एअरबॅगा देऊन टाकल्या. पण हेही सांगितलं पाहिजे की वॅगन आरला २०२३ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत प्रौढांसाठी एकच स्टार मिळाला होता. एअरबॅगा वाढवल्याने सांगाडा बदलत नाही. सांगाडा मजबूत नसेल तर एअरबॅगला काम करायला जागाच राहत नाही.

मग मित्राने एक स्टारवाली गाडी का घेतली? आम्ही यावर दोन संध्याकाळी घातल्या. त्याचा हिशोब असा: नव्वद टक्के चालवणं शहरात, पहाटे, चाळीसच्या वेगाने, आणि पाच स्टारच्या ज्या गाड्या त्याच्या आवाक्यात होत्या त्यातल्या एकीत काकांना चढणं जड जात होतं, दुसरी जुन्या बाजारात त्याच्या पैशात मिळत नव्हती. मला हा निर्णय त्याच्यासाठी पटला. दर शुक्रवारी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरून घरी जाणाऱ्या माणसासाठी मुळीच पटणार नाही. तुम्ही जर हायवेवाले असाल तर आधी स्टार बघा, मग उरलेल्यातून निवडा. आणि बघताना चाचणीचं वर्ष बघा. भारत एनकॅप कंपन्यांना ऐच्छिक आहे, त्यामुळे एखाद्या गाडीचा निकालच नसेल तर तेही एक उत्तर समजा.

आणि मागचा सीट बेल्ट. हा कायद्याने सक्तीचा आहे, आणि आपल्याकडे त्याचा उपयोग सीटच्या फटीत कोंबून ठेवण्यासाठी होतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींचा अपघात झाला. ते मागे बसले होते, आणि बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. गाडी मर्सिडीज होती. सहा लाखांच्या गाडीतला बेल्टही तितकाच फुकट आहे. माझ्या गाडीत मागच्यांचा 'क्लिक' आवाज आल्याशिवाय मी पहिला गिअर टाकत नाही. मावशी चिडते. चिडू दे.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण इथे फसवणूक सोपी आहे. आम्ही एकूण सहा गाड्या बघितल्या, कॉलनीतल्या मेकॅनिकला बरोबर घेऊन. त्याला प्रत्येक गाडीचे पाचशे दिले, जगातली सर्वोत्तम गुंतवणूक. त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे सीट बेल्ट शेवटपर्यंत खेचून बघितला. एका चकचकीत गाडीत बेल्टच्या शेवटच्या वीतभर भागावर मातीची बारीक रेघ होती. सीटच्या रुळांवर गंज. ती गाडी पाण्यात बुडालेली होती. वरून पॉलिश, आतून अत्तर. डीलर म्हणाला, "मालक शेतकरी होते, माती असणारच." बेल्टच्या गुंडाळीच्या आत शेती कोण करतं? २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरापासून आपल्याकडे कितीतरी गाड्यांच्या आत पाणी जाऊन आलंय. बुडालेल्या गाडीची वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि सहसा घाटातच देते.

टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९. म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर वीस हजार दाखवत असतील आणि चारही टायर नवेकोरे असतील तर विचारा, का? अधिकृत सर्व्हिस सेंटरची जुनी बिलं मागा, त्यात प्रत्येक वेळचं मीटर लिहिलेलं असतं. चलनं ऑनलाइन दिसतात. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचं नाव आरसीवरून उतरलंय का बघा, त्याला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. आणि विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. 'पैसे मिळाले, चावी दिली, संपलं' असं नसतं. आरसीवर जोपर्यंत तुमचं नाव आहे तोपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्ही. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्या दारात येईल. आणि तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत, हा गाडीचा नसतो, तुमचा असतो. गाडी विकताना तो विमा कंपनीकडून लिहून घ्या, नव्या गाडीला वापरता येतो. हजारो लोक हे पैसे तसेच सोडून देतात, कारण कुणी सांगतच नाही. घेणाऱ्याने विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा.

मालकी झाल्यावरचं फार सांगत बसत नाही. पहिल्या तीन 'फ्री' सर्व्हिसिंग म्हणजे मजुरी फ्री, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात, हे ऐकून दरवर्षी कुणीतरी सर्व्हिस सेंटरमध्ये भांडतं. भांडायची जागा वेगळी आहे. जॉबकार्डवर सही करण्याआधी वाचा. 'इंजिन फ्लश', 'एसी डिसइन्फेक्शन', 'अंडरबॉडी कोटिंग' असं आपोआप चढलेलं असतं. मालकाच्या पुस्तिकेत कितव्या किलोमीटरला काय करायचं याचा तक्ता छापलेला असतो, तो फोटो काढून ठेवा आणि तेवढंच करून घ्या. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लचवर अर्धा पाय ठेवून उभं राहू नका, न्यूट्रल करा. एएमटी घेतली असेल, सेलेरिओने २०१४ मध्ये आणली तेव्हापासून छोट्या गाड्यांत ती सगळीकडे दिसते, तर लक्षात ठेवा, आत क्लच तोच आहे, फक्त तुमच्या पायाऐवजी मशीन दाबतं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर तोच जळतो. ब्रेक लावा.

पावसाळ्यात दोन गोष्टी. सोसायटीत रात्री पाणी शिरलं आणि गाडी बुडाली, तर सकाळी 'चालू होते का बघूया' म्हणून चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनचं हे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. फोटो काढा, विमा कंपनीला फोन करा, टो करा. इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन मुंबई-पुण्यात नदीनाल्याकाठी राहणाऱ्यांनी घ्यावं. आणि उंदीर. हसू नका. उभ्या गाडीच्या बोनेटखाली ऊब असते, त्यांना वायरी आवडतात. लोक डांबरगोळ्या ठेवतात, तंबाखूची पानं बांधतात. माझा अनुभव एवढाच की रोज चालणाऱ्या गाडीत उंदीर संसार थाटत नाही.

शीट हवी असेल त्यांनी मेसेज करा, पाठवतो. पिवळे रकाने तुम्ही भरायचे आहेत: वर्षाचे किलोमीटर, पेट्रोलचा भाव, किती वर्षांनी विकणार. सगळ्यात खाली एक रिकामी ओळ आहे, तिथे गाडीत मागे कोण बसणार त्यांची नावं लिहा. तिला फॉर्म्युला नाहीये. पुढच्या भागात विम्याचा क्लेम, झिरो डेपमध्ये नक्की काय मिळतं आणि प्लॅस्टिकच्या बंपरचे पन्नास टक्के का कापतात, ते बोलू. तोवर टायरमधली हवा तपासून घ्या.